चाकावरचा हात

"मध्येच का थांबतं हे?"

निरंजनबुवांनी विचारलं, तेव्हा मठाच्या ओसरीवर ठेवलेलं वीतभर उंचीचं इंजिन एकदा 'टप्' वाजून गप्प झालं होतं. चाकं मात्र फिरत होती.

"थांबलेलं नाही," विद्याधर म्हणाला. "भार नसला की पेटत नाही. आधीच्या झटक्यावरच फिरत राहतं. वेग उतरला, की पुन्हा एकदा पेटतं."

टप्.

"दमेकरी दिसतोय," बुवा म्हणाले. "माझ्यासारखाच."

विद्याधर हसला नाही. खालच्या गावात त्याची फाउंड्री होती. शेतावरच्या जुन्या पंपाच्या इंजिनाचं हे छोटं रूप त्यानं छंद म्हणून घडवलं होतं, सगळे भाग घरच्या लेथवर. फक्त चाकं त्याची नव्हती. ती निषादनं ओतली होती. निषाद त्याचा एकुलता मुलगा. गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला.

"हे मठात ठेवून घ्या," विद्याधर म्हणाला. "आणि मलाही."

बुवांनी इंजिनावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"फाउंड्री पुतण्याच्या नावावर केली. घर बंद करतोय. आता माझ्यावर काही उरलं नाही, बुवा. मी मोकळा आहे."

"आणि तुझी आई?"

"तिला वृद्धाश्रमात जागा मिळालीय. चांगला आहे. डॉक्टर असतात."

"तिच्या हातची भाकरी खाल्लीय मी," बुवा म्हणाले. "चतकोर जास्तच वाढायची. ओळखते का तुला?"

"कधी ओळखते. कधी दादा म्हणते... तिचा भाऊ समजून."

"मग राहू दे की घरी. म्हातारी कुणाचं काय खाते?"

विद्याधर चाकांकडे बघत राहिला.

"रोज दिवेलागणीला विचारते. निषाद अजून कसा आला नाही?"

टप्.

"तू काय सांगतोस?"

"पहिल्यांदा खरं सांगितलं. ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी विसरली... आणि पुन्हा विचारलं. तेव्हापासून सांगतो, वाटेत आहे, येईल. मग ती त्याच्यासाठी भात झाकून ठेवायला लावते. सकाळी तो मी गाईला घालतो. रोज. मला नाही पेलवत, बुवा."

ओसरीवर नुसती चाकं फिरल्याचा आवाज होता.

बुवा पुढे सरकले. त्यांनी फिरत्या चाकाच्या कडेवर सरळ तळहात दाबला.

"बुवा! अहो, हात! सोलून निघेल!"

टप्. टप्. टप्. टप्.

विद्याधर ताडकन उठला. इतकी वर्षं त्यानं हे इंजिन टेबलावर मोकळंच फिरवलं होतं. त्याला कधी पट्टा जोडून कसला भार दिला नव्हता. असा सलग आवाज यातून निघतो, हे त्याच्या कानांनी कधी ऐकलंच नव्हतं. इंजिन गार ठेवणाऱ्या वरच्या टाकीतलं पाणी वाफाळू लागलं. बुवांच्या तळव्याखालून तेलात कालवलेली लाल रेघ चाकावर पसरली.

"काढा हात! बंद पडेल ते!"

"पडलं का?"

टप्. टप्. टप्.

विद्याधरला पुढे होऊन हात धरायचा होता. पण तो त्या आवाजाकडे कान लावून उभा राहिला.

"म्हातारी विचारते, ती साधारण किती वाजता?" बुवांनी विचारलं.

"साडेसहा... सात."

बुवांनी मावळतीकडे पाहिलं. हात चाकावरच होता.

"मग निघ. खाली रेल्वेचं फाटक लागतं. बंद असलं, तर उशीर होईल तुला."