दोन्ही हातांचं झाड

"हे मरणार तर नाही ना?"

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नर्सरीच्या शेडमध्ये घड्याळ होतं, म्हणून नक्की आठवतं.

नर्सरीवाले खरातमामा कुंडी पुढे सरकवत हसले.

"ताई, जिवंत झाड आहे. आणि जिवंत म्हटलं की..."

त्यांनी हातावरची माती झटकली. 

माझ्या कडेवर माझी लेक एस्तेर होती. पावणेतीन वर्षांची. ऑगस्टमध्ये नऊ दिवस तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. आठव्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोलायचं सोडून फक्त नवऱ्याशी बोलायला लागले. तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाला म्हणाले, ही घरी आली तर नाताळला खरं झाड आणीन. प्लास्टिकचं नाही. मुळासकट, जिवंत.

ती घरी आली.

आणि मग मला दुसरीच भीती लागली. ते झाड वाळलं तर?

सोबत रिबकाबाई होत्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या जुन्या बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन वचन शिकवणाऱ्या. माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे काही शिकले ते त्यांच्यापाशी.

मी हळूच विचारलं, "बाई, देवाला कबूल केलेलं झाड मेलं, तर काय होतं?"

"वाळतं."

"झाडाचं नाही विचारत मी."

"ठाऊक आहे, कुणाचं विचारतेस ते."



गेला आठवडाभर मी निम्मं पुणं पालथं घातलं होतं. कॅम्पात एकाने सुरूची तोडलेली फांदी कुंडीत खोचून जिवंत झाड म्हणून दाखवली. मी खोड धरून ओढलं तर फांदी सरळ हातात आली. तेव्हापासून मी प्रत्येक झाड ओढूनच बघायची. मूळ असेल तर ते मातीला धरून राहील, हा माझा हिशोब. दुसरा विकणारा तर ओरडलाच, "ओ ताई, झाड घ्यायला आलात का दाढ उपटायला?"

मला लाज वाटली नाही. उलट रिक्षात मी बाईंना ऐटीत सांगितलं होतं, "आता मला कुणी फसवू शकत नाही."



खरातमामांचं झाड माझ्या गुडघ्याएवढं होतं. एकावर एक मजले असावेत तशा फांद्या, टोकाला कोवळा कोंब. मी एस्तेरला डाव्या हाताने आवळलं आणि उजव्या हाताने खोड धरलं.

"ओढू नका, ताई," मामा म्हणाले.

मी ओढलं.

आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

"आहे... मूळ आहे," मी म्हणाले. 

मामांनी खाली बसून बुंध्याशी माती दाबली. बराच वेळ दाबत राहिले.

"मूळ होतंच, ताई. चांगलं धरलेलं होतं. मरणार नव्हतं ते. आता मात्र मला सांगता येणार नाही."

 तेवढ्यात एस्तेर खोकली. मी लगेच तिच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास बोटाला लागला. पुन्हा धरलं. लागला.

"मामा, दुसरं द्या."

"देतो की."

"हेच घे," बाई म्हणाल्या.

"बाई! तुटलंय ते!"

"कुणी तोडलं?"

"मला फक्त बघायचं होतं..."

"आणि हिच्या नाकाखाली? दिवसातून किती वेळा बघतेस?"

"मोजत नाही मी."

"ती मोजत असेल."

बाईंनी एस्तेरचा पाय हातात घेतला. बूट वर करून त्याच्या तळाला अंगठा फिरवला आणि तो अंगठा माझ्यापुढे धरला. धुळीचा कणसुद्धा नव्हता.

"कधीचे बूट?"

"सप्टेंबरचे..."

मामा खाकरले. "हे नेणार असाल तर दोन्ही हातांनी धरावं लागेल, ताई. कुंडी कलली, हिसका बसला, तर उरलेली मुळंही सुटतील. रिक्षापर्यंत सावकाश जायचं."

"तुम्ही द्याल का आणून?"

मामा पुढे होणार, तेवढ्यात बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मामांनी पाण्याचा पाइप उचलला आणि शेवंतीच्या वाफ्याकडे निघून गेले.

"मग बाई, एस्तेरला तुम्ही घ्या."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"खाली ओल आहे, बाई. तिची छाती..."

बाईंनी हात सोडले नाहीत.

"बाई, माझ्याने होणार नाही..."

बाई तशाच उभ्या.

मी एस्तेरला खाली ठेवलं. तिने माझी ओढणी मुठीत धरली. मी वाकून कुंडी उचलली. जड होती. 

एस्तेर खोकली.

माझे दोन्ही हात कुंडीला. नाकाखाली बोट धरायला हात नव्हता. मी तशीच उभी राहिले, कान देऊन. पुन्हा खोकली... मग खोकला थांबला. मग काहीच ऐकू येईना. खाली बघायचं तर मधे झाड. ओढणीला बसणारा ताण गेला होता.

"एस्तू?"

मी कुंडीच्या बाजूने मान वाकवली.

"एस्तू!"

"आई, चिखल!"

पाच-सहा पावलांवर ती पाइपाखालच्या डबक्यात उभी होती. पाय आपटत होती. दोन्ही बूट बरबटलेले.

मी रिक्षाकडे निघाले. पायाखालचं दिसत नव्हतं. तिच्या ओल्या बुटांचा चपचप आवाज आधी मागून आला, मग बाजूने, मग माझ्याही पुढे गेला.

रिक्षापाशी मी बाईंना विचारलं, "हे जगेल का?"

"मला काय माहीत?"

"आणि..."

एस्तेरचं नाव माझ्या तोंडून निघेना. बाईंनीही ते घेतलं नाही. त्यांनी माझ्या हातातल्या कुंडीकडे पाहिलं, मग म्हणाल्या,

"आपल्या मंडळीतल्या शलोमीचं लेकरू कालच दवाखान्यातून घरी आलंय. झाड घरी ठेवलंस की तिच्याकडे जा. तिला माझा निरोप दे. लेकराला खाली ठेव, म्हणावं."