योनाचा पाट

खारपाडी बंदरावर चर्चच्या पायऱ्या जिथे वाळूत उतरतात, तिथे एक काळा, सपाट खडक आहे. माणूस आडवा झोपेल एवढा. त्यावर सुरीचे घाव आहेत, एकावर एक, इतके की मधोमध पन्हाळ पडली आहे. पाहुणे त्यावरून हात फिरवतात आणि विचारतात, हे कशाने झालं? आमच्याकडची जुनी माणसं सांगतात ते असं.

फार पूर्वी इथे बस्त्याव नावाचा तांडेल होता. होडी त्याची आणि होडीवर शब्दही त्याचाच. दुसऱ्यांच्या जागेत तो आपली जाळी मारायचा. कोणी बोलत नसे. त्याच्याच होडीवरचा खलाशी इनास मात्र एकदा बोलला, तेही सगळ्या कोळीवाड्यासमोर. बस्त्याव तेव्हा नुसता हसला म्हणे.

पुढच्याच फेरीला वारा फिरला. होडीत पाणी भरू लागलं. तेव्हा बस्त्यावने चर्चमध्ये ऐकलेली योनाची गोष्ट काढली. देवाचं न ऐकणारा योना होडीत होता म्हणून तुफान झालं, चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा त्याचंच नाव निघालं, आणि त्याला समुद्रात टाकल्यावर पाणी शांत झालं. "आपल्यातही कोणी योना आहे," तो म्हणाला. चिठ्ठ्यांऐवजी दोरीचे तुकडे त्याने स्वतःच्या मुठीत धरले. आखूड तुकडा इनासला आला, आणि त्याला पाण्यात लोटलं.

किनाऱ्यावर बस्त्यावने पाद्रीला हेच सांगितलं. खलाशांनी माना खाली घातल्या. देवानेच निवडलं म्हटल्यावर पाद्री तरी काय बोलणार?

इनासची बायको नातल रडली नाही, असं सांगतात. ती एवढंच म्हणाली, "बरं. योनाला मोठ्या माशाने गिळलं आणि तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परत आणलं. माझाही येईल. तुझ्या जाळ्यातला मोठा मासा आधी मी उघडून बघणार."

बस्त्यावला नाही म्हणता येईना. नाही म्हणायचं तर इनास योना नव्हता, हे कबूल करावं लागलं असतं.

तेव्हापासून ती सुरी घेऊन या खडकावर बसू लागली. बस्त्यावच्या जाळ्यात घोळीसारखा मोठा मासा आला की तो ओढून घ्यायची आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत फाडायची. घोळीच्या पोटातला भोत, म्हणजे हवेची पिशवी, तेव्हाही सोन्याच्या भावाने जायचा. सुरी नेमकी त्याच्यातून जायची आणि तो मातीमोल व्हायचा. मग ती कोपरापर्यंत हात घालून चाचपायची, हात बाहेर काढायची आणि बस्त्यावच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "अजून नाही."

बायका टोपल्या टेकवून उभ्या राहायच्या. "काय तांडेल, आज कोण बसलंय आत? जेवायला तरी थांबवा त्याला!"

एका शेजारणीने नातलला समजावलं, "सोड गं बाय. बायबलातल्या फारो राजाला समुद्राने गिळला, तसा ह्यालाही गिळेल."

"फारो एका दमात बुडाला," नातल म्हणाली. "ह्याला हळूहळू बुडू दे."

खलाशी सोडून गेले. मोठी होडी वाळूवर पडून तडकली. बस्त्याव म्हातारा झाला, एकटाच लहान डोणी घेऊन जाऊ लागला. एका सकाळी त्याने घोळ खांद्यावरून आणली, खडकावर ठेवली आणि गुडघे टेकले.

"फाडू नको, नातल. तो यायचा नाही. आखूड तुकडा कुठला ते मला ठाऊक होतं. मी तोच त्याच्यापुढे केला."

सगळा किनारा ऐकत होता. पाद्री पुढे आला. "त्याने कबूल केलं, बाय. आता माफ कर."

"कबुली तुम्हाला मिळाली, फादर. मला माणूस पाहिजे." तिने सुरी उचलली. "बस्त्याव, शेपूट धर. तुझ्यामागे तुझा मुलगा धरील, माझ्यामागे माझी मुलगी फाडील. शेवटच्या दिवशी समुद्र त्याच्या पोटातले मेलेले परत देणार, असं तुमच्या पुस्तकातच आहे, फादर. तोवर बघत राहू."

आजही हंगामातली पहिली मोठी घोळ याच खडकावर येते. ती कोणी विकत नाही, कोणी खात नाही. भरतीला सोडून देतात. मधल्या काळात दोन्ही घरांत सोयरीक झाली. गेल्या वर्षी बस्त्यावच्या घरातल्या जावयाने गुडघे टेकून शेपूट धरली आणि नातलच्या घरातल्या सासूने सुरी चालवली. लग्नात त्याला ओवाळलं होतं तोच हात तिने आत घातला, चाचपला, बाहेर काढला. जावई मान खाली घालून होता. तो वर बघेपर्यंत ती थांबली.

"अजून नाही."