‘ये’ म्हटलं होतं

“मी ‘ये’च म्हटलं होतं!” कुरंगी घसा फोडून सांगत होती, पण गावात एकाला खरं वाटेल तर शपथ.

गोष्ट जुनी. अवंती देशात वीरसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नदीकाठी नावाड्याच्या कुळात जन्मून नाव चालवीत होता. कुरंगीचा बाप सोमिल वेत तोडायला पैलतीरावरच्या रानात गेला. तिथे त्याला साप चावला, आणि तिथेच लोकांनी त्याला जाळलं.

निघणाऱ्याला ‘जा’ म्हणायचं नाही, ‘ये’ म्हणायचं, ही तिथली रीत. आत्याने ठरवूनच टाकलं, पोरगी ‘जा’ म्हणाली. बापाशी भांडली होती ना सकाळी? मग म्हणालीच असणार! दंडाला धरून तिने कुरंगीला घाटावर आणलं. मागे अख्खं गाव.

“नावाडीदादा, ही अवदसा पलीकडे सोडा. पुन्हा आणू नका.”

“काका, तुम्ही होतात ना तिथे? सांगा ना ह्यांना!” कुरंगी म्हणाली.

बोधिसत्त्वाने वल्हं खाली ठेवलं.

“आक्का, तुमचे यजमान लढाईवर निघाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“‘ये’ म्हणाले. हंबरडा फोडून म्हणाले!”

“आले?”

आत्या तिचा दंड सोडून घाटाच्या पायरीवर बसली. गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. ‘ये’ तर सगळ्यांनीच म्हटलं होतं, आपापल्या माणसाला.

“पोरही ‘ये’च म्हणाली. मी कानाने ऐकलं. ‘ये’ ऐकून साप थांबत नाही, ‘जा’ ऐकून येत नाही.”

कुरंगी खरी ठरली. पण तिला हायसं वाटलं नाही. “मग मी म्हटलं त्याचा उपयोग काय?”

“तुझा बाप हसत नावेत बसला, बाळ. एवढाच.”

ती पाण्याकडे बघत राहिली. “बाबा येणार नाही,” ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. मग आत्याला म्हणाली, “ऊठ. घरी चल.”

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, समोर सुनेला घेऊन आलेल्या बाईला म्हणाले, “मुलगा गेला म्हणून सुनेला दोष देणारी तू, तीच ती आत्या. ही तुझी सून म्हणजे कुरंगी. नावाडी मी होतो. मी तेव्हा प्रज्ञा जोपासली.”

बाई हट्टी. “मग माझ्या लेकाला मारलं कुणी? नाव सांगा.”

शास्ते शांतपणे म्हणाले, “जन्म.”