आतड्याकडून आलेला वानवळा

एक देह होता, तो वरून धडधाकट दिसत होता तेव्हाची ही गोष्ट. त्यातल्या पेशींची एक रीत होती. घरात असेल त्यातलं चिमूटभर, सोबत एखादा निरोप, आपल्याच भिंतीच्या तुकड्यात बांधायचं आणि रक्ताच्या ओढ्यात सोडायचं. ज्या दाराशी पुडी लागेल त्या घरानं ती उघडायची आणि आतला निरोप पाळायचा. वानवळा परत करायचा नाही.

यकृताच्या आळीतल्या कोंडाक्का पेशीचं या रीतीपायी डोकं उठलं होतं. हल्ली आतड्याकडून सारख्या पुड्या येत होत्या आणि आत एकच निरोप असे, की दारापुढची जागा मऊ करून ठेवा. शेजारची साळूबाई पेशी मुकाट्यानं भुई खणत बसे.

"अगं, कुणी पाठवलंय ते तरी बघ," कोंडाक्का वैतागून म्हणाली. "ही जागा कुणासाठी करतेस?"

"पुडी आपल्यासारखीच आहे की, आक्का. वानवळ्याची कुणी चौकशी करतं का?"

"उद्या कुणी विष बांधून पाठवलं तरी खाशील तू."

मग एके दिवशी पुड्या पाठवणारी स्वतःच आली. आतड्यातल्या गाठीतली चांगली आडदांड पेशी होती. त्या मऊ जागेत ती ऐसपैस बसली आणि बघता बघता एकीच्या दोन, दोघींच्या चार झाल्या. साळूबाईला आपल्याच दारात अंग चोरून उभं राहावं लागलं.

"आता तरी कळलं का?" कोंडाक्कानं विचारलं.

तेवढ्यात पाहुणीनं एक नवी पुडी पुढं केली. "ही फुफ्फुसाकडे पाठवायची होती."

"थांबा जरा," साळूबाई म्हणाली, "एवढीशी कशी पाठवायची? माझंही चिमूटभर घालते."