येसूमामांचा बंदोबस्त

डोंगरकडेच्या एका गावातल्या शाळेत एक भोळा शिपाई होता. नाव येसूमामा. शाळेत वर्ग चार, त्यांना मिळून खोली एक, बाजूला छोटं ऑफिस आणि शिकवायला एकट्या कुंदाबाई. पहिलीला अक्षर गिरवायला दिलं की चौथी दंगा करायची. चौथीला गप्प केलं की दुसरीतलं कुणीतरी भोकाड पसरायचं.

एक दिवस बाई म्हणाल्या, "मामा, दुसरे शिक्षक मागितलेत. सोमवारपर्यंत आले तर ठीक, नाहीतर मी बदलीचा अर्ज देणार."

आधीचे तीन गुरुजी असेच गेले होते. आणि बाईंइतकं मायेनं शिकवणारं मामांनी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही.

मंगळवारी ऐन भागाकारात वर्गात बकरी शिरली. पोरं खिदळली, भागाकार राहिला. मामा कौतुकानं बघत उभे.

"अहो, शिकवताना कुणी मधे आलं तर कान धरून बाहेर काढायचं!"

"बरं बाई."

बुधवारी ग्रामसेवक आले, गावातल्या शौचालयांची मोजणी बाईंच्या गळ्यात घालायला. मामांनी त्यांना कान धरून फाटकाबाहेर सोडलं. कागदांसकट. बाईंना आतून बरं वाटलं, पण तसं म्हणता येईना.

"मामा, आलेल्याला ऑफिसात पंख्याखाली बसवायचं. चहा द्यायचा."

"बरं बाई."

गुरुवारी बकरी परत आली. मामांनी तिला पंख्याखाली बसवलं, बशीत चहा ओतला. बकरी चहा प्याली. मग तिनं टेबलावरचा हजेरीपट खाल्ला. पहिली पूर्ण, दुसरी अर्धी.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मामा, हजेरीपटाला जो तोंड लावील त्याला दावं बांधून कोंडवाड्यात टाकायचं! मालक येईपर्यंत सोडायचं नाही!"

"बरं बाई." बकरी कोंडवाड्यात गेली. दुसरं दावं मामांनी खांद्यावर तयार ठेवलं.

सोमवार उजाडला. बाईंनी चारही वर्ग एकटीनं ओढले. डोळे दाराकडे. शाळा सुटली तरी कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी कागद घेतला आणि बदलीचा अर्ज लिहायला बसल्या. डोळे भरून आले होते.

"मामा, आज कुणीच आलं नाही ना?"

"आला होता की एक. खांद्याला पिशवी. थेट ऑफिसात घुसला, नवा हजेरीपट उघडला, त्यावर वाकला आणि दातानं पेनाचं टोपण काढलं. म्हटलं, आता हा खाणार."

"मग?"

"मग काय, बांधला. कोंडवाड्यात टाकलाय, बकरीशेजारी. फार ओरडत होता, पण वर्गापर्यंत आवाज जाऊ दिला नाही. तुम्ही शिकवत होता ना."

बाईंच्या हातातला पेन खाली पडला. मामांनी तो उचलून दिला.

"मालक कोण विचारलं, तर म्हणतो सरकार. तुम्ही निवांत लिहा बाई. त्याला सोडवायला काही कुणी येत नाही."