देवीच्या दारातला आरसा

पूर्वी वेत्रवतीच्या काठी शिलानगरीत धृतिसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा मंत्री म्हणून जन्माला आला होता. त्याचे नाव भद्रक. राजा मनाने वाईट नव्हता, पण धास्तावलेला होता. लग्नाला कितीतरी वर्षे झाली तरी पाळणा हलेना, आणि अखेर राणीला दिवस गेले तेव्हा त्याला आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटली. भ्यालेल्या माणसाला सल्ला द्यायला लोक टपलेलेच असतात. राजपुरोहित म्हणाला, "महाराज, नगरदेवीपुढे लोक येऊन रडतात, ऊर बडवतात. असलं अशुभ रोज तिच्या कानी पडलं, तर ती आपल्या घरी शुभ कसं करील?"

राजाला ते पटले. त्याने देवळाच्या दारात काशाचा मोठा आरसा टांगला. येणाऱ्याने आधी त्यात तोंड पाहायचे, चेहरा हसरा असला तरच उंबरा ओलांडायचा, आणि आत गेल्यावर स्तुती तेवढी करायची. या कामावर देखरेखीला राजाने भद्रकाला बसवले.

लोक हसायला किती लवकर शिकतात, हे भद्रकाला तिथे कळले. आरशापुढे ओठ ताणायचे, आत जाऊन दोन श्लोक म्हणायचे, बाहेर आले की तोंड पुन्हा होते तसे. ज्यांना ओठ ताणणेही जमत नसे, ते मुकाट माघारी जात. ते वळणाआड जाईपर्यंत भद्रक त्यांच्याकडे पाहत राही. पण राजाचे मीठ खाल्लेले, म्हणून तो कुणालाही सूट देत नसे.

एका सकाळी सोमा तेलीण आली. देवीच्या समईत तिच्याच घाण्याचे तेल जळत असे. तिचा एकुलता मुलगा नुकताच तापाने गेला होता. ती आरशापुढे उभी राहिली. बिचारीने खरेच प्रयत्न केला, ओठ हलवले, पण हनुवटी थरथरू लागली.

"जमत नाही हो बाबा," ती म्हणाली. "घरी नवरा म्हणतो रडू नको, शेजारणी म्हणतात झालं गेलं विसर. म्हटलं, निदान आईपुढे तरी मोकळी होईन. तर इथंही हेच."

भद्रक उठला आणि त्याने आरसा भिंतीकडे फिरवला. "जा बाई. मनात असेल ते बोल."

मग काय, सोमाने देऊळ डोक्यावर घेतले. "आई म्हणवतेस ना ग? तुझी समई कधी विझू दिली का मी? मग माझ्या घरचा दिवा कसा विझवलास? बोल की! दगडासारखी काय बसलीस!" ती रडली, भांडली, कपाळ पायरीला टेकून पडून राहिली. देवी काही बोलली नाही. शेवटी सोमाने डोळे पुसले, सवयीने समईत तेल घातले आणि ती बाहेर आली. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पुरोहिताने ही गोष्ट तिखटमीठ लावून राजाच्या कानी घातली. राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "भद्रका, ती तुझा डोळा चुकवून आत शिरली, एवढंच म्हण. तिला हद्दपार करतो. तुझं पद तुझ्यापाशी राहील."

एक वाक्य बोलायचा अवकाश होता. भद्रकाला आपले घर आठवले, बायको आठवली, दरबारातला मान आठवला. तरी तो म्हणाला, "महाराज, आरसा मी फिरवला. तिचा काही दोष नाही. रडणारं लेकरू आईला अशुभ वाटत असेल, तर तिला आई कशाला म्हणायचं?"

राजाने त्याचे मंत्रिपद काढून घेतले. सोमा मात्र वाचली.

तेव्हापासून भद्रक देवळाच्या मागे, अभिषेकाचे पाणी बाहेर पडते तिथे जाऊन बसू लागला. मज्जाव पुढच्या दारात होता, मागच्या भिंतीला नव्हता. दारातून परत फिरवलेली माणसे एकेक करून तिकडे येऊ लागली. एकाने विचारलेच, "इकडून देवीला ऐकू जाईल का?"

"न जायला काय झालं?" तिथे रोज येऊ लागलेली सोमा म्हणाली. "आईला पाठीलाही कान असतात. पोरांनी मागे काय चालवलंय ते तिला बरोबर कळतं."

भद्रक कुणाला उपदेश करीत नसे. रडून थकलेल्याला पाणी देई, कुणाचे तान्हे मूल सांभाळी.

पुढे राणी बाळंत झाली. मुलगा झाला. नगरभर साखर वाटली. पण बाळाने पाचवीसुद्धा पाहिली नाही.

सुतक फिटल्यावर राजा देवळात आला. त्याला अडवायची कुणाची छाती होती! पण दारात आरसा होता. राजाने त्यात पाहिले. लोक ताणतात तसे त्यानेही ओठ ताणून बघितले, आणि तो चेहरा पाहवेना म्हणून हाताने तोंड झाकले. मग तो वळला आणि देवळाला वळसा घालून मागे गेला.

तिथली माणसे धडपडत उठली. "बसा," राजा म्हणाला. "भद्रका, मला फक्त स्तुती येते. आज ती तोंडातून निघत नाही."

भद्रकाने सोमाकडे पाहिले.

"मग स्तुती नका करू, महाराज," ती म्हणाली. "भांडा."

"देवीशी?"

"आपल्या माणसाशीच भांडतात. परक्याशी कोण भांडतं?"

राजाने भिंतीला कपाळ टेकले. मग तो म्हणाला, "त्यानं माझं बोट धरलं होतं ग. का सोडवलंस? तुझ्या कानावर एक हुंदका पडू दिला नाही मी. अख्ख्या नगराला हसायला लावलं तुझ्यासाठी!" बोलता बोलता तो थांबला. त्याने वळून त्या माणसांकडे पाहिले, आणि मग लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. सोमाही त्याच्याबरोबर रडली.

शांत झाल्यावर तो म्हणाला, "भद्रका, माझं चुकलं. पद घे, गावं घे, मागशील ते देतो."

भद्रकाने विचारले, "महाराज, राणीसाहेब रडल्या का?"

"नाही. दाया रडू देत नाहीत. बाळंतिणीच्या डोळ्यांना ते बरं नसतं म्हणतात."

"मग मला एवढंच द्या. घरी जा, त्यांना रडू द्या, आणि जवळ बसा."

राजा पालखीची वाट न पाहता पायीच निघाला. त्या संध्याकाळी राजवाड्यातून दोघांच्या रडण्याचा आवाज आला, आणि नगरात कुणी त्याला अशुभ म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी दारातला आरसा उतरवला. तो पुढे कुठे गेला, हे कुणी विचारलेही नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, कारण त्या दिवशी एक बाई आक्रोश करीत दाराशी आली होती आणि दारावरच्या भिक्खूने तिला थोपवले होते. "आधी शांत हो, मग आत ये," असे तो म्हणाला होता. शास्ते त्याला म्हणाले, "भिक्खू, शांत व्हायलाच ती आली होती. त्या जन्मी धृतिसेन राजा तू होतास. सोमा तेलीण म्हणजे दाराशी उभी आहे ती बाई, आणि भद्रक मीच होतो. दुःखाला आधी चेहरा नीट करायला न सांगणे, याचे नाव करुणा."

भिक्खू उठला. दाराशी जाऊन तो त्या बाईला म्हणाला, "ये माई. तशीच ये."