राणीचं लाजाळू कासव

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी बोलायचे आणि माणसं ते ऐकूनही घ्यायची.

एका राणीला बागेत छोटंसं कासव सापडलं. राणीच ती, तिची हौस थोडक्यात कशी भागणार? तिनं चक्क कासवाचं बारसं केलं. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या. बायका पाळण्याच्या अल्याड-पल्याड उभ्या राहिल्या आणि रीतीप्रमाणे कासव पाळण्याखालून, वरून, या हातातून त्या हातात फिरू लागलं. त्यानं डोकं आणि पाय आत ओढून घेतले.

"अगं बाई, लाजलं!" राणी म्हणाली. सगळ्या हसल्या.

मग रोजचंच झालं. सकाळी तेल लावून आंघोळ, दुपारी मांडीवर, संध्याकाळी पाहुण्यांच्या हातात. दर वेळी कासव कवचात गुडूप व्हायचं आणि महालात कौतुक व्हायचं, "किती शांत बाळ! जरा म्हणून वळवळत नाही."

या शांत बाळानं खाणं सोडलं. काकडी सुकून जायची, जास्वंदीचं फूल तसंच पडून राहायचं. कासव हाताला हलकं लागू लागलं, तेव्हा मात्र राणी घाबरली. त्याला छातीशी धरून ती रडू लागली, "एवढी माया केली, तरी असा का रे वाळत चाललास?"

कवचातून बारीक आवाज आला, "बाईसाहेब, आधी खाली ठेवा. मग सांगतो."

राणीनं त्याला गवतावर ठेवलं.

"आम्हाला जमिनीवरून उचलते ती घार. तुम्ही उचललंत की मला वाटतं, झालं, आता संपलं."

"पण तू तर किती शांत असायचास!"

"भ्यायलेला असायचो हो. शांत कुठला!"

राणीला फार वाईट वाटलं. ती जरीच्या पातळासकट गवतावर बसली. तळहातावर फूल ठेवून हात जमिनीला टेकवला आणि वाट पाहत राहिली. पायाला मुंग्या आल्या. कासवाला पटकन उचलून घ्यावंसं फार वाटलं, पण तिनं स्वतःला आवरलं.

बऱ्याच वेळानं नाक बाहेर आलं, मग मान. कासव डुलत डुलत आलं, त्यानं फूल खाल्लं आणि आपणहून राणीच्या तळहातावर पाय ठेवला. राणीला इतका आनंद झाला, की ती श्वाससुद्धा हळू घेऊ लागली.

तेवढ्यात राजा लवाजम्यासह आला. "अरे वा!" म्हणत कासवाला उचलायला वाकला. राणीनं त्याचा हात तिथंच धरला.

"अहो, आधी खाली बसा!"

राजा मुकुटासकट बसला. राजा बसला म्हणून प्रधान बसले. पोट सांभाळत सेनापतीही बसले. कासवानं राजाचा जोडा हुंगला आणि ते पुढे निघून गेलं.

"माझ्याकडे नाही आलं?" राजा हिरमुसला.

"आज नाही," राणी म्हणाली. "उद्या परत बसा."

तात्पर्य : गप्प आहे म्हणजे खूश आहे असं समजू नये, माया करावी ती ज्याच्यावर करायची त्याच्या कलानं.